कलत्या बोटीवर आम्हाला गरम जेवायला घालणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. तरी उघड लिहिते आहे. शिडाच्या बोटीवरच्या सफरीची गोष्ट सांगताना वारा किती होता, सुकाणूवर कोण होतं, कुठलं शीड कधी उतरवलं हे सगळं सविस्तर येतं, आणि खाली गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, कोण उभं होतं ते एका वाक्यात उरकतं. मला मात्र आपल्या सफरीबद्दल कुणी विचारलं की आधी जेवणं आठवतात. कुठल्या रात्री काय खाल्लं, कुणाच्या हातात कुठला वाडगा होता, इतकं लख्ख. ती सगळी जेवणं तुमच्या हातची होती, आणि त्यांच्यामुळे आम्ही नीट वागलो, नीट विचार केला आणि नीट पोचलो असं मी मनापासून मानते. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते.

ज्यांनी बोटीवर कधी स्वयंपाक पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की ती जागा कशी असते. पायऱ्या उतरल्या की लगेच एका बाजूला जेमतेम एक माणूस मावेल एवढी गॅली. बोटीच्या मध्याजवळ हालचाल सर्वांत कमी असते आणि दाराजवळ हवा येते, म्हणून ती तिथेच असते. शेगडी पक्की बसवलेली नसते, दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगलेली असते. बोट कुशीवर कलली की शेगडी झुलून आडवी राहते, पातेल्यातलं पाणी समतल राहतं, आणि तिच्यापुढे उभा माणूस मात्र तिरका. बोटीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली होतं तेव्हा हे झुलणं उपयोगी पडत नाही. त्यासाठी शेगडीभोवती कठडा आणि पातेली आवळून धरणारे चिमटे. या सगळ्यावर तुम्ही सहा माणसांचं रांधत होता, एक पाय समोरच्या फळीला रोवून, पाठ दुसऱ्या फळीला टेकवून.

पहिल्या रात्रीबद्दल आधी लिहिते. बंदर मागे पडलं, लाटा तिरक्या यायला लागल्या आणि आमच्यातले निम्मे लोक कठड्याला टेकून गप्प बसले. बोट लागलेल्या माणसाला खाली जाणं सर्वांत नकोसं होतं. तिथे क्षितिज दिसत नाही, कान सांगतात हलतंय आणि डोळे सांगतात स्थिर आहे. तुम्ही त्याच खालच्या जागेत उतरलात. तुम्हालाही त्रास होत होता हे मला फार नंतर कळलं. वर आला तो साधा मऊ भात, मीठ घातलेला, आणि आल्याचं गरम पाणी. ‘दोनच घास खा, पण रिकाम्या पोटी बसू नका,’ एवढंच म्हणालात. कुणावर जबरदस्ती केली नाहीत, कुणाला लाजवलं नाहीत. दर तासाला कोरडं बिस्कीट हातात ठेवत राहिलात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःहून जेवायला मागितलं. त्या भाताची चव कशी होती म्हणून विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण तो गिळता आला आणि पोटात राहिला. त्या वेळी याहून मोठं काही नव्हतं.

मग तुम्ही मला हाताखाली घेतलंत. ताई, तुम्ही शिकवलेलं एकही काम मी विसरलेले नाही. उकळतं पातेलं कधीच अर्ध्याच्या वर भरायचं नाही. शेगडीच्या अगदी समोर उभं न राहता जरा बाजूला राहायचं, म्हणजे भांडं उडालं तर अंगावर येणार नाही. समुद्र खवळला असेल तर कितीही उकडलं तरी छातीपर्यंतची जलरोधक विजार घालूनच रांधायचं, कारण किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर भाजलेल्या पायाला डॉक्टर मिळत नाही. ओव्हनचं दार उघडण्याआधी झुलती शेगडी अडकवून ठेवायची, नाहीतर दाराच्या वजनाने तिचा तोल जातो आणि वरचं सगळं पुढे घसरतं. आणि गॅस. तो हवेहून जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, बोटीच्या तळात साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून स्वयंपाक संपला की आधी टाकीकडची तोटी बंद, मग नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेपर्यंत थांबायचं, आणि नंतर शेगडीचं बटण. रोज, प्रत्येक वेळी, कितीही दमलेल्या असलात तरी तुम्ही तेवढा वेळ थांबायचात. बोट सुरक्षित ठेवण्याचं काम डेकवर जेवढं चालतं तेवढंच खाली चालतं, हे मी तुमच्या त्या थांबण्यातून शिकले.

आता त्या वादळी रात्रीबद्दल. तिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल. दुपारी ऊन होतं, वारा चांगला होता, आणि तुम्ही वायुभारमापकाकडे पाहून न बोलता खाली गेलात. काटा उतरत होता. कप्तान शिडं लहान करण्याची तयारी करायला लागले त्याच वेळी तुम्ही प्रेशर कुकर काढलात. बोटीवर त्याच्याइतकं कामाचं दुसरं भांडं नाही हे तेव्हा पटलं: झाकण घट्ट बसतं म्हणून आडवा झाला तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो, पाणी कमी लागतं, आणि बंद केबिनमध्ये वाफ कोंडत नाही. बटाटे, डाळ, कांदा, गाजर, भरपूर मिरी. दाट सूप झालं ते रुंद तोंडाच्या थर्मासांत भरलंत, उरलेल्या थर्मासांत उकळतं पाणी. मग शेगडी विझवलीत, सुऱ्या बंद केल्यात, कपाटांच्या कड्या तपासल्यात आणि म्हणालात, ‘आता उजाडेपर्यंत आग पेटवायची नाही.’

रात्री काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी डेकवरून वाहत होतं, आम्ही पट्ट्यांनी स्वतःला बोटीला बांधून घेतलं होतं, आणि दर पाळी बदलताना दाराची फळी जरा सरकायची नि तुमचा हात बाहेर यायचा. हातात खोल मग, निम्माच भरलेला, आत चमचा. ताट नाही, वाडगा नाही. एका हाताने धरता येईल आणि दुसरा हात दोराला मोकळा राहील, एवढा विचार त्या मगात होता. हात गार पडले की गाठ सुटत नाही, आणि पोटात काही नसलं की माणूस सोप्यातला निर्णय घेतो, योग्य तो नाही. मध्यरात्रीनंतर मोठं शीड आणखी आवरायचं की तसंच रेटायचं हा प्रश्न आला. रेटणं सोपं होतं, कारण डोलकाठीपर्यंत जायची कुणाची इच्छा नव्हती. आम्ही मगातलं सूप संपवलं आणि गेलो. शीड आवरलं. त्यानंतर तासाभरात वारा आणखी वाढला. त्या वेळी मोठं शीड वर असतं तर काय झालं असतं यावर कप्तान आजही बोलत नाहीत. मी मात्र सूप आधी आलं आणि धीर नंतर आला, याच क्रमाने सगळ्यांना सांगते.

त्यानंतरचं जेवण तर माझ्या आयुष्यातलं सर्वांत शांत जेवण. वादळ सरलं तरी लाटा ओसरत नव्हत्या, कित्येक दिवस आम्ही मगातूनच खात होतो, जो तो आपापल्या कोपऱ्यात. तुम्ही कप्तानांना म्हणालात, ‘तासभर बोट थांबवा. यांना एकत्र बसून जेवू दे.’ पुढचं शीड वाऱ्याच्या बाजूला उलटं ताणलं, सुकाणू बांधून ठेवलं आणि बोट जवळजवळ जागच्या जागी तरंगायला लागली. पुढचं शीड तिचं नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू ते परत वाऱ्याकडे वळवतं, आणि दोघांच्या ओढाताणीत ती निवांत होते. खलाशी ही युक्ती वादळात तग धरायला वापरतात. तुम्ही ती पंगतीसाठी वापरलीत. गरम भात, परतलेला कोबी, तळलेले बटाटे, खऱ्या वाडग्यांत. सगळे एकमेकांकडे बघत जेवलो. दोन माणसांत आदल्या दिवसापासून अबोला होता, तो त्या जेवणात कधी मिटला ते कळलंही नाही. पोचायला एक तास उशीर झाला असेल. मला तो पुन्हा पुन्हा हवा आहे.

तुमच्या कोठीबद्दल लिहायला हवं, कारण ती जेवणं निघण्याच्या आधी, धक्क्यावर सुरू झाली होती. पुठ्ठ्याचं एकही खोकं तुम्ही बोटीवर येऊ दिलं नाहीत, त्यांतून झुरळांची अंडी येतात म्हणून. डब्यांवरचे कागद काढून झाकणावर शाईने नावं लिहिलीत; ओलाव्याने सुटलेले कागद तळातला पंप तुंबवतात. जड डबे तळाशी आणि मध्यावर, कारण बोटीचा तोल त्यावर राहतो. बटाटे कांद्यांपासून लांब. हिरवे टोमॅटो कागदात गुंडाळून, फळं जाळ्यांच्या झोळीत टांगून, अंड्यांना तेलाचा हात लावून. रोज सकाळी एकेक भाजी हातात घेऊन, हुंगून, आज कुणाची पाळी ते ठरवायचात. पंधरवडा उलटल्यावरही आमच्या वाडग्यात ताजा कोबी होता.

आणि मोड. डब्याच्या तोंडाला कापड बांधून तुम्ही कडधान्यं भिजवायचात आणि ताजी भाजी संपल्यावर रोज मूठभर मोड प्रत्येकाला द्यायचात. खाताना तुम्ही ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांची गोष्ट सांगितलीत. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या जहाजावर त्यांनी स्कर्व्हीच्या, म्हणजे ताज्या फळभाज्यांतलं क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाच्या, १२ रोग्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने बरे झाले. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास सुरू व्हायला १७९५ उजाडलं. मधल्या काळात किती खलाशी गेले असतील, असं म्हणून तुम्ही गप्प झालात, आणि मग माझ्या वाडग्यात आणखी मोड घातलेत. समुद्रावर अन्न हा किती गंभीर विषय आहे हे मला त्या क्षणी कळलं.

पाण्याचंही तसंच. बटाटे उकडायला एक भाग समुद्राचं पाणी आणि दोन भाग गोडं, म्हणजे मीठ वेगळं घालावं लागत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, तेव्हा नुसतं तेच घेतलं तर जेवण खारट होतं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात फक्त गोड्याचा. पाऊस आला की शिडाखाली बादल्या. १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या टाक्यांतलं पाणी वाटेत खराब झालं आणि ते पावसाच्या पाण्यावर राहिले, हे तुम्हीच सांगितलं होतं. त्यानंतर बोटीवर कुणी तोटी उघडी ठेवली नाही.

माशाच्या दिवशी तर उत्सवच होता. मागे सोडलेल्या गळाला ट्यूना लागला. सगळे फोटो काढत होते आणि तुम्ही सुरी घेऊन आलात: लगेच रक्त काढायचं, सावलीत ओल्या कापडाखाली ठेवायचा, तासाभरात पातेल्यात. हा मासा उन्हात राहिला तर त्यात तयार होणारं विष शिजवूनही जात नाही. कांदा, मिरी, लिंबाचा शेवटचा तुकडा, बस्स. वारा पूर्ण पडलेला, शिडं लोंबत होती, कुणाला कुठे जायची घाई नव्हती. संध्याकाळी तुम्ही कुकरची शिटी काढून त्यातच पाव भाजलात. त्याचा वास पायऱ्यांवरून वर आला तेव्हा सुकाणूवरच्या माणसाने नुसतं ‘ताई’ म्हणून हाक मारली, आणखी काही बोलला नाही.

ताई, येत्या मोसमात मी दुसऱ्या एका बोटीवर जाते आहे. कुठलं काम घेणार असं विचारलं तेव्हा मी गॅली मागून घेतली. कुकर, थर्मास, जलरोधक विजार, सगळं जमवलं आहे. यादी तुमच्यासारखीच वहीत करते आहे, रोजच्या पाण्याचा हिशेब वेगळ्या पानावर. एक मात्र जमत नाही: पावाचं पीठ. हवा दमट असली की ते फार लवकर फुगतं आणि मग बसतं. तुम्ही ते रात्री कुठे ठेवायचात, आणि यीस्ट निम्मं घ्यायचात का? सवडीने कळवा.

तुमच्या त्या बोटीवरची,
गॅलीतली तुमची मदतनीस