त्या रात्री सायरन बंद ठेवणाऱ्या पायलटदादांना

108 ची रुग्णवाहिका चालवणारे पायलटदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. पीपीई किट आणि फेसशील्डमुळे चेहराही दिसला नाही. म्हणून हे उघड पत्र.

एप्रिल 2021, पुणे, सदाशिव पेठ. 14 तारखेच्या रात्रीपासून संचारबंदी होती. 18 ला राज्यात एका दिवसात कोरोनाचे 68,631 नवे रुग्ण सापडले. रात्री रस्त्यावर ना रिक्षा ना हॉर्न, त्यामुळे टिळक रस्त्यावरचा सायरन थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पहिल्या लॉकडाऊनमध्येही तो असाच लांबून ऐकू यायचा, पण या वेळी एक विरायच्या आत दुसरा सुरू होई. बाबा गॅलरीत बसून मोजायचे. "बाबा, पुरे करा ना," असं मी एकदा चिडून म्हणालो, तर ते मनात मोजायला लागले. मांडीवरची बोटं तेवढी हलायची.

मग त्यांचाच ऑक्सिजन 86 वर आला. 108 ला फोन लावून मी कान देऊन बसलो. आवाज आलाच नाही. समोरच्या भिंतीवर दिव्याचा उजेड फिरायला लागला तेव्हा कळलं, गाडी दारात आहे. "रस्ता मोकळाच होता. रात्रीची सगळी गल्ली कशाला घाबरवायची?" इतकंच म्हणालात.

दोन जिने तुम्ही आणि डॉक्टरांनी बाबांना खुर्चीतून उतरवलं. प्रत्येक पायरीला तुम्ही "काका, एक... आता अजून एक" म्हणत होतात. हातमोजा मनगटावर चिकटपट्टीने गुंडाळलेला होता आणि आतून घामाने ओला दिसत होता. आईने पाणी पुढे केलं, तर म्हणालात, "किट काढता येत नाही, काकू."

पुढे चौकात एक टेम्पो आडवा आला. सायरन लावण्याआधी तुम्ही मागे वळून सांगितलंत, "काका, आता जरा आवाज होईल हं. आपलाच आहे." दादा, त्या धावपळीत हे सांगायचं तुम्हाला सुचलं, याचे आभार कसे मानू?

बाबा सतराव्या दिवशी घरी आले. आई अजून त्या पाण्याबद्दल हळहळते. या बाजूला आलात तर चहाला वर याच. आणि बाबा सांगतात, त्या रात्रीच्या मोजणीत आपली गाडी नाही. चौकातला सायरन? "तो त्याने सांगून वाजवला, तो धरला नाही."

आपला,
दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा