सागरी महामार्गावर सायकलला आणि प्रत्येक सायकलस्वाराला जागा हवी

महोदय,

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या रुंदीकरणाच्या आणि त्यावरील खाडीपुलांच्या बातम्या अलीकडे सातत्याने वाचायला मिळत आहेत. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून कोकणाने ज्या रस्त्याची वाट पाहिली तो पूर्णत्वाला जात असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या चर्चेत मोटारींचा वेग आणि वाचणारा वेळ यांचाच हिशेब मांडला जातो. हाच किनारा सायकलवरून पाहणाऱ्यांचा, त्यातही लहान मुले, साठी ओलांडलेली मंडळी, दृष्टिहीन आणि पायांनी अधू असलेले सायकलस्वार यांचा विचार झाल्याचे मला तरी कुठे आढळले नाही. पुलाची रुंदी एकदा ठरली की पुढची अनेक दशके ती बदलत नाही, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे.

पुलांचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. आज दिघी–आगरदांडा, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथे फेरीबोटी चालतात आणि सायकलवाल्याला त्या फार मोठा आधार आहेत. दाभोळची फेरीबोट नसेल तर दापोलीहून गुहागरला जाण्यासाठी खेड व चिपळूणमार्गे सुमारे १०० किलोमीटरचा वळसा पडतो, आणि त्यात मुंबई–गोवा महामार्गावरील अवजड वाहतुकीतून सायकल काढावी लागते. उद्या पूल झाल्यावर फेरीबोटी बंद पडल्या आणि पुलावर सायकलला मनाई असली, तर सायकलस्वाराची वाट दोन्ही बाजूंनी बंद होईल. ही भीती काल्पनिक नाही. २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे–वरळी सागरी सेतूवर सायकलला प्रवेश नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही नाही. खाडीपुलांवर तरी कठड्यालगत, वाहनांपासून उंचवट्याने वेगळी केलेली आणि तीनचाकी सायकल सहज जाईल एवढी रुंद पट्टी असावी. पूल वापरात आल्यावर ती जोडणे जवळजवळ अशक्य असते.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असा समज घेऊन अनेक जण प्रथमच कोकणात सायकल घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी थकतात. आपला किनारा तसा नाही. प्रत्येक खाडीनंतर रस्ता जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो, थोडे अंतर माळावरून जातो आणि पुढच्या खाडीकडे तीव्र उताराने कोसळतो. चढ लांब नसले तरी दिवसभर एकामागून एक येत राहतात. रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा रस्ता डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे, पण कमी गिअरच्या सायकलवर आणि दुपारच्या दमट उन्हात तो सराव नसलेल्याची परीक्षा पाहतो. याउलट अलिबागहून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा पट्टा जवळपास सपाट आहे. मालवणहून तारकर्ली व देवबागपर्यंतचा रस्ताही तसाच आहे, आणि दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाताना समुद्राची सोबत क्वचितच सुटते. कोणता टप्पा कोणाला झेपेल, चढ किती, सावली कुठे आहे, पिण्याचे पाणी आणि शौचालय कोणत्या गावात मिळेल, एवढी माहिती फाट्यावरच्या फलकावर मिळाली तर आठ वर्षांच्या मुलासोबत निघालेल्या आईला आणि गुडघेदुखी असलेल्या आजोबांनाही आपला मार्ग निवडता येईल. वृत्तपत्रांतून मुंबई–गोवा सायकल मोहिमांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु या किनाऱ्याचा खरा आनंद दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन, एखाद्या गावात मुक्काम करून मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

‘सर्वांसाठी’ म्हणताना सायकलींचे प्रकारही लक्षात घ्यायला हवेत. दृष्टिहीन व्यक्ती टँडेमवर, म्हणजे दोघांनी मागे-पुढे बसून चालवायच्या सायकलवर, मागच्या आसनावरून पूर्ण ताकदीने पेडल मारते. ज्यांच्या पायांत बळ नाही ते हातांनी पेडल फिरवायची तीनचाकी चालवतात. वयस्कर लोकांना बॅटरीवर चालणारी सायकल चढावर साथ देते. या सर्वांच्या अडचणी साध्या सायकलस्वाराच्या ध्यानातही येत नाहीत. हाताने चालवायची सायकल जमिनीपासून इतकी खाली असते की गावागावांतील उभट गतिरोधकांवर तिचा तळ घासतो आणि ट्रकचालकाला ती दिसतही नाही. टँडेमला वळायला मोठी जागा लागते, त्यामुळे मोटारसायकली अडवण्यासाठी पादचारी मार्गाच्या तोंडाशी रोवलेले खांब तिलाही अडवतात. बॅटरीची सायकल वीस किलोपेक्षा जड असू शकते आणि ती पायऱ्यांवरून उचलून नेणे एकट्याला शक्य होत नाही. डांबराची कड आणि साईडपट्टी यांत वीतभर खड्डा असला, तर साधा सायकलस्वार पाय टेकवून सावरतो, पण तीनचाकी उलटते. मोठ्या खर्चाची गरज नसलेल्या या गोष्टी आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर योग्य वेळी पोहोचल्या पाहिजेत, एवढेच.

फेरीबोटींच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. बोटीचे तोंड खाली टेकते आणि वाहने थेट आत जातात, त्यामुळे चाकाच्या खुर्चीला किंवा तीनचाकीला कोणी उचलावे लागत नाही. अडचण येते ती ओहोटीच्या वेळी, जेव्हा धक्क्याचा शेवाळलेला खालचा उतार उघडा पडतो. तेथे खरबरीत पृष्ठभाग आणि धरायला एका बाजूचा कठडा केला तरी पुरे. कोकण रेल्वेने सायकल आणायची तर ती पार्सल कार्यालयात नोंदवून लगेजच्या डब्यात ठेवावी लागते, आणि लहान स्थानकांवर गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात टँडेम उतरवणे जिकिरीचे होते. रोहा, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा निवडक स्थानकांवर सायकल भाड्याने मिळण्याची सोय झाली, तर प्रवाशाला ती सोबत आणावीच लागणार नाही आणि स्थानिक तरुणांना गिअर व ब्रेक दुरुस्तीचे काम मिळेल.

नवा महामार्ग झाल्यावर गावांतून जाणारे जुने अरुंद रस्ते मोकळे होतील. ते दुर्लक्षित न ठेवता सायकलमार्ग म्हणून जपावेत. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकलमार्गांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे नेदरलँड्सनेही ती स्वीकारली. प्रवासी आपल्या वाटेवरच्या तिठ्यांचे क्रमांक लिहून घेतो आणि दमल्यास जवळच्या क्रमांकावरून परत वळतो. आपल्याकडे अशी व्यवस्था अष्टागरात, म्हणजे अलिबाग परिसराच्या किनारपट्टीत, प्रयोगादाखल सहज करता येईल.

ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल चालवण्याचे सुख दिवेआगर, गुहागर, मुरुड-कर्दे येथे मिळते. पण धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला फक्त पायऱ्या असतील तर ते सुख अनेकांना दुरूनच पाहावे लागते. तेथे एकेक उतार बांधावा. मात्र हिवाळा हाच समुद्रकासवांच्या विणीचाही हंगाम असल्याने वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत कोणतेही चाक जाऊ नये, हा नियम सायकललाही कटाक्षाने लागू करावा.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले असून करमणूक आणि साहसी उपक्रमांतील सहभागाला उत्तेजन देणे ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे. त्या आधारे रस्ते विकास महामंडळाने आणि पर्यटन विभागाने ज्या पुलांचे व रस्त्यांचे आराखडे अद्याप बदलता येण्यासारखे आहेत ते टँडेम, तीनचाकी आणि बॅटरीच्या सायकली चालवणाऱ्यांना दाखवावेत. शक्य झाल्यास अभियंत्यांनी त्यांच्यासोबत अलिबाग ते रेवदंडा हा एक टप्पा प्रत्यक्ष फिरून पाहावा आणि त्यांच्या सूचना आराखड्यात समाविष्ट कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
रत्नागिरी