हल्ली वस्ती

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो की बाबा "आपण मूळचे साताऱ्याचे" म्हणून विषयच मिटवतात, म्हणून लिहितोय. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

माळ्यावरच्या ट्रंकेतला तो कागद, ज्याला आजी दसऱ्याला हळदकुंकू वाहायची, तो इथं पुण्यात मोडी वाचणाऱ्या एका बाईंना दाखवला. सनद-बिनद काही नाही. सालगड्याचा करार आहे! वरच "शके १७९९ ईश्वरनाम संवत्सरे". त्यात ७८ मिळवले की १८७७. खापरपणजोबांनी वर्षभराचं काम धरलं, ते पोटाला भात आणि एका घोंगडीवर. नावापुढं "राहणार तालुके परसगड, हल्ली वस्ती" आणि मग आपलं गाव. परसगड म्हणजे सौंदत्तीचा तालुका, बाबा. सातारा कुठंच नाही. दीडशे वर्षं होत आली, तरी कागदावर आपण अजून 'हल्ली'च.

खाली सहीच्या जागी नांगर काढलाय. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी. इसाडाची रेघ थरथरलीय, फाळापाशी शाईचा ठिपका पसरलाय. बाई पुढचं वाचत होत्या, माझी नजर त्या ठिपक्यावरून हलेना.

साल कळल्यावर बाकीचं उलगडलं. १८७६ चा पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत दुष्काळ पुरला. सौंदत्तीकडचं रान कोरडवाहू. आपल्या खानापूरकडं निदान सह्याद्रीचा पाऊस, भाताची खाचरं. १८८१ च्या शिरगणतीत बेळगाव जिल्ह्याची माणसं १८७२ पेक्षा कमी भरली, यावरून काय ते समजा.

मग आपल्या घराण्याची वंशावळ वहीत ठेवणाऱ्या हेळव्याला शोधत त्याच्या गावी गेलो. पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत यायचे म्हणे. हा मोटारसायकल बाळगून आहे, वही मात्र आजोबाची. आपल्या घरात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळं दोनच नावं आलटूनपालटून येतात आणि बाप कोण, लेक कोण याचा माझा पार गुंता झाला होता. त्यानं तो सुनांच्या माहेरांवरून सोडवला. दोघं भाऊ निघाले होते. धाकट्याच्या नावाखाली काही नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तिथनं पुढं वंश नाही," आणि पान उलटलं.

आई, तू हसत असशील. "साताऱ्याची माणसं वर्षाला सौंदत्तीच्या यल्लम्माला कशाला धावतात?" हे तू लग्न होऊन आल्यापासून विचारतेस. आणि आजी स्वतःच्या आईला 'अव्वा' म्हणायची, त्याचंही आता नवल वाटत नाही. त्या माणसाला मराठी किती येत असेल, कुणास ठाऊक. करार वाचून दाखवला तेव्हा तरी कळला असेल का त्याला?

सुगी झाली की हेळवी येईल. बाबा, मागच्यासारखं दारातूनच पायलीभर भात घालून वाटेला लावू नका. सोप्यात बसवा, सगळं वाचायला लावा. तुमच्या नातीचं नाव वहीत घालायला सांगा. पोरींची नावं लिहीत नाही म्हणत होता, मी म्हटलं आमची लिही, दोन पायल्या जास्त घे.

आई, त्याला चहात साखर जास्त लागते.

तुमचा
बाळू