सडा एप्रिलमध्ये मोजू नका

माननीय पर्यावरणमंत्री, गोवा राज्य,
सचिवालय, पर्वरी

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातला. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आता पावसाळाभर सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, तुडवतो. मागणी एकच आहे: सड्यावरच्या कामाचा कुठलाही पर्यावरण अहवाल पावसाळ्यातल्या मोजणीशिवाय स्वीकारू नका.

काही वर्षांपूर्वी एका कामाच्या पाहणीसाठी चारजण आमच्याकडे आले होते. एप्रिलचे दिवस. वाट मीच दाखवली, कोकमाचे सरबतही पाजले. दोन दिवसांत आटोपून गेले. पुढे अहवाल हाती पडला, तर आमचा सडा त्यात 'विरळ गवताची खडकाळ पडीक जमीन' झालेला. खोटे म्हणता येईना. एप्रिलमध्ये सडा असतोच तसा: तापलेला जांभा, कुसळे आणि वाळलेले शेण.

तोच सडा श्रावणात बघा. आम्ही पाइपाचे चार तुकडे जोडून एक मीटर लांबी-रुंदीची चौकट केली आहे. ती कुठे टाकायची हे हातावर सोडले, तर हात हमखास फुलांकडे वळतो. म्हणून दोरी ताणायची आणि दर दहा मीटरवर, खाली काहीही असो, चौकट टेकवायची. मग गुडघ्यांवर बसून एकेक रोप मोजायचे. बोटभर मातीत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि मधूनमधून गेंदाची पांढरी बोंडे. सीतेची आसवे मांसाहारी आहेत. जांभ्यावरच्या पातळ मातीत पोषण नाही, म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेतात. पहिल्या चौकटीला आम्हाला दोन तास लागले, त्यातला अर्धा तास एका गवताच्या नावावरून भांडण्यात. पाऊस गेला की यातले बहुतेक बियांच्या रूपाने भेगांत दडते. एप्रिलमध्ये येणाऱ्याला काय दिसणार, कपाळ!

केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली होणाऱ्या अभ्यासांत पुष्कळदा पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी पुरते. हवेतली धूळ मोजायला ते ठीक असेल. पण गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांवरून बेडकाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, तिचे नावच 'गोएंची', म्हणजे गोव्याची, ठेवले. असा बेडूक पावसात, रात्री, आवाजावरून शोधावा लागतो. देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बेडकांचा बिनपायांचा नातलग, तर माती उकरल्याशिवाय भेटतच नाही. दिवसाउजेडी गाडीतून उतरून केलेल्या यादीत ही मंडळी कुठून येणार?

इथे थोडे गणित सांगतो, मास्तरकीची खोड आहे. समजा एखादा बेडूक डबक्यात आहे, पण एका फेरीत तो ऐकू येण्याची शक्यता शंभरात तीस. एकदाच गेलात तर सत्तर टक्के वेळा तुम्ही 'नाही' लिहून परत याल. त्याच डबक्यावर वेगवेगळ्या पाच रात्री गेलात, तर पाचही वेळा हुकण्याची शक्यता सतरा टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून 'आढळला नाही' या शब्दांपुढे किती फेऱ्या, किती वाजता, पाऊस होता की नव्हता, हे लिहिलेले हवे. नसेल तर त्या शब्दांना काडीचा अर्थ नाही.

वाघाचेही तेच. म्हादई अभयारण्यात जानेवारी 2020 मध्ये वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. तरीही गोव्यात वाघ राहतो की नुसता येऊन जातो, हा वाद संपत नाही. त्याचा निकाल भाषणांत लागायचा नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. तेच पट्टे वर्षामागून वर्ष त्याच रानात दिसले, तर तो पाहुणा कसला?

तेव्हा अहवालाला मूळ नोंदवही जोडणे बंधनकारक करा: तारखा, वेळा, चौकटींच्या जागा, कॅमेरे किती रात्री चालू होते ते सगळे. दुर्मीळ वनस्पतींच्या आणि वाघाच्या नेमक्या जागा तेवढ्या झाकून ठेवा, चोरांना नकाशा नको. बाकी लोकांना वाचू द्या. ज्या सड्यावर चिरेखाण किंवा वसाहत मागितली आहे, तिथे जून ते सप्टेंबर दर महिन्याला एक फेरी आणि त्यातली निम्मी मोजणी रात्रीची. खर्च वाढेल, कामाला उशीर होईल, हे मला कळते. पण सडा एकदा खणला की पुन्हा मोजायला काही उरत नाही.

आणखी एक, यात पैसाही फारसा नाही. कला आणि संस्कृती संचालनालय चवथीला माटोळी स्पर्धा घेते; माटोळी म्हणजे गणपतीवर टांगलेली, रानातल्या फळाफुलांनी सजवलेली चौकट. हरणाची फुले, कवंडळे, कांगले, आमच्या घरांतली माणसे काय काय शोधून आणतात आणि नावानिशी मांडतात! तिथेच प्रत्येक वस्तू कुठल्या गावची आणि कुठल्या दिवशी काढली एवढे लिहून घेतले, तर दहा वर्षांत कुठले फूल लवकर येऊ लागले, कुठले फळ लांबून आणावे लागते, हे कळू लागेल. बक्षीस मात्र वस्तूंच्या संख्येवर देऊ नका, नाहीतर रान ओरबाडले जाईल. आपल्या खात्याने त्या खात्याला तेवढे पत्र धाडावे. नोंदवहीत दोन रकाने वाढवायचे आहेत, चवथीच्या आधी होऊन जाईल.

आपला,
सत्तरीतला एक निवृत्त शिक्षक