विषय : जिप्सीचा चुकीचा फ्रंट डिफरन्शियल आणि त्यावर तुमच्या कस्टमर केअरने दिलेला सल्ला

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरला केलेला सातवा फोन संपला. म्हणजे मी नाही ठेवला, २२ मिनिटं ती एकच ट्यून ऐकवून तिकडूनच कट झाला. म्हणून आता लिहूनच देतोय, निदान मधेच कट तरी होणार नाही.

गाडी माझी मारुती जिप्सी, मॉडेल एमजी ४१०, १९९४ ची, ९७० सीसी. मिलिटरीच्या लिलावातून एकाने घेतली, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून मी. १२ मे ला तुमच्या साईटवरून रिकंडिशन फ्रंट डिफरन्शियल असेंब्ली (पुढच्या ॲक्सलमधला, पुढची चाकं फिरवणारा गिअरचा संच) मागवली. किंमत १४,५०० अधिक ट्रान्सपोर्ट ९००. ऑर्डरच्या फॉर्मवर चेसी नंबरचा रकाना होता तो भरला, खाली मोकळ्या जागेत '९७० सीसी, जुनं मॉडेल, मागचा रेशो ३७ बाय ९' असंपण टाईप केलं. तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा सांगितलं. तिकडून ताई म्हणाल्या, नोट केलंय सर. काय नोट केलं आणि कुठं, देव जाणे, कारण आलेला माल ४३ बाय ११ चा आहे.

जिप्सीत सगळ्या मॉडेलला एकच रेशो नाही, हे खरं तर तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. मोठ्या गिअरचे दात भागिले छोट्याचे दात म्हणजे रेशो, ३७ बाय ९ म्हणजे ४.११ आणि ४३ बाय ११ म्हणजे ३.९१, फरक पाच टक्क्यांचा. ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारा डबा) पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जाणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सारखेच फिरवणार, म्हणजे शंभर मीटर गेलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा पाच मीटर जास्त पळायला बघणार. पळणार कुठं, एकाच चेसीला बांधलेली आहेत. मग सगळा ताण बसतो गिअरवर, शाफ्टवर, क्रॉसवर. तुम्हाला हे माहितीच आहे, तुमच्या फोनवरच्या सरांसाठी लिहिलंय, त्यांना वाचून दाखवा.

आम्हाला कसं कळलं तेपण ऐका. बसवल्यावर आठ दिवस टू व्हीलमध्येच चालवली, हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारं कुलूप) फ्री होते, काहीच जाणवलं नाही. पाऊस लागल्यावर हब लॉक करून फोर एच टाकली, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, शेतातल्या चिखलात कशीबशी चालली, पण डांबरीला लागल्यावर स्टेअरिंग दगडासारखं झालं, ट्रान्सफर केसमधून कण्हल्यासारखा आवाज आणि लिव्हर काही केल्या बाहेर येईना. मी आणि पोरगा दोघं लोंबकळलो तरी नाही. मिस्त्रीला बोलावलं, त्याने पुढचं एक चाक जॅकवर उचललं. चाक जमीन सोडतंय न सोडतंय तोच आपोआप झटक्याने पुढच्या दिशेने फिरलं आणि लिव्हर हातात आली. मिस्त्रीचा हात थोडक्यात वाचला. मग त्याने ट्रान्सफर न्यूट्रल करून दोन्ही प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खडूने रेघा मारल्या, मागचं एक चाक उचलून हाताने दोन फेरे फिरवलं (एकच चाक उचललं की दोन फेऱ्यांना शाफ्टचे रेशोएवढे फेरे होतात) तर शाफ्टचे चार फेरे होऊन रेघ वर दोन बोटं पुढं गेली. पुढं तेच केलं तर चार फेरे पुरेच झाले नाहीत, रेघ दीड-दोन बोटं मागंच राहिली. तो फक्त माझ्याकडे बघून हसला, बोलला काहीच नाही. शेवटी ऑइल काढून (दोन लिटर, नवीन, तेपण गेलं) डिफरन्शियल बाहेर घेतला आणि दात मोजले. मी दोनदा मोजले, पोराने एकदा. ४३ आणि ११. फोटो १९ जूनलाच पाठवलेत.

आता तो फोन. बाकीच्या सहा फोनचं जाऊ दे, हा ५ जुलैचा, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, 'गुणवत्तेसाठी कॉल रेकॉर्ड होतोय' असं तुमचंच मशीन बोलतं, तर गुणवत्तेसाठी एकदा ऐकाच. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तर तिकडून विचारतात, सर पार्ट फिट झाला का? म्हटलं झाला. "फिट झाला ना सर, म्हणजे पार्ट करेक्ट आहे." म्हटलं अहो भोकं जुळली म्हणजे रेशो जुळत नाही. मग कीबोर्ड वाजल्याचा आवाज, बराच वेळ. "सर गाडी चालते का?" म्हटलं टू व्हीलमध्ये चालते, फोर टाकली की अडकते. पुन्हा कीबोर्ड. आणि मग अगदी शांतपणे, डॉक्टरने पथ्य सांगावं तसं म्हणाले, "मग सर तुम्ही फोर टाकूच नका."

मला खरंच वाटलं गंमत करताहेत. मी गप्प बसलो तर तेच विचारतात, हॅलो सर, आवाज येतोय का? आवाज येत होता हो, चांगला येत होता. मी म्हटलं, फ्रंट डिफरन्शियल माणूस कशाला घेतो? तर म्हणे, "बरेच कस्टमर वापरत नाहीत सर, शोसाठीच असतं ते." म्हटलं मी भोर तालुक्यात हिरडस मावळात राहतो, इथं जुलैत भाताची आवणी चालू आहे, डांबरी आमच्यापासून तीन किलोमीटर, सकाळी दुधाचे कॅन खाली न्यायचे असतात, मी शो कुणाला करू, बैलांना? यावर, "सर गाडीपण तीस वर्षांची झाली ना, आता नवीन गाडीचं काहीतरी बघा." आणि ठेवताना, अजून काही मदत करू शकतो का सर. दहा मिनिटांत मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आम्हाला पाच स्टार द्या.

नवीन गाडीचं बघा! साहेब, जुनी गाडी नीट करणारा माणूस नवीन परवडते म्हणून जुनी नीट करत नाही. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे, पहिल्या पानावर लिहिलंय 'एकूण ६० हजार, वर नाही'. फ्लोअर सडून खालचा रस्ता दिसत होता, तो मी स्वतः १८ गेजचा पत्रा आणून भाड्याच्या वेल्डिंग मशीनवर जोडला. किंगपिनचे बेअरिंग, नकल सील, मोडलेला मेन पाटा बदलला. मिलिटरीचा हिरवा रंग सिव्हिल गाडीला चालत नाही म्हणून आधीच्याने वरवर पांढरा मारला होता, तो पापुद्र्यासारखा निघत होता, तो खरवडून हाताने रंगवली, लांबून बरी दिसते. आरटीओचं रिन्यूअल झालं. वहीत शेवटची मोठी एंट्री तुमचीच आहे, आणि ते १५,४०० दोन बोकड विकून आलेत. बायको अजून विचारते, बोकडांचं काय झालं. काय सांगू, ४३ बाय ११ झालं?

तुमची पॉलिसी म्हणे 'बसवलेला पार्ट परत घेतला जात नाही'. पॅकबंद डिफरन्शियलचे दात बाहेरून कसे मोजायचे तेवढं सांगा. आणि साईटवर आजही त्याच फोटोखाली 'सर्व जिप्सी मॉडेलसाठी' लिहिलेलं आहे, म्हणजे माझ्यानंतर अजून कुणीतरी फसणारच.

जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू का, तुमचं फक्त दुकान होतं तेव्हा मी तिथून पार्ट नेलेत. काउंटरवरचे काका चेसी नंबर ऐकल्याशिवाय साधं सील हातात देत नव्हते, जुना पार्ट आणला नसेल तर हाकलून द्यायचे. तेव्हा राग यायचा. आता साईट आहे, ॲप आहे, चेसी नंबरचा रकाना आहे, तो बघणारा कुणी नाही. मी चेसी नंबर दिला होता, पुन्हा सांगतो, दिला होता, आणि फोन करूनही सांगितला होता.

आता काय पाहिजे ते. एक तर ३७ बाय ९ चा सेट, नाहीतर पूर्ण १५,४०० परत, शिवाय ऑइलचे आणि मिस्त्रीच्या दोन दिवसांच्या मजुरीचे मिळून २,६००. तुमचा माल न्यायचा खर्च तुमचा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रार एका महिन्यात सोडवायची असते, माझी १९ जूनची आहे, आज २८ जुलै. वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, हेपण त्याच नियमांत आहे. आठ दिवस बघेन, मग ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथंच केस टाकता येते, पाच लाखांच्या आत फी नाही, वकीलपण लागत नाही. म्हणजे ये-जा तुम्हाला करावी लागेल, मला फक्त भोरवरून एसटी पकडायची आहे. त्या ५ जुलैच्या फोनचं रेकॉर्डिंगपण मागवणार.

फोन करू नका, ईमेलवरच उत्तर द्या. आणि माल न्यायला पिकअपवाला पाठवणार असाल तर आधी कळवा, डांबरीच्या पुढं सगळा चिखल आहे, त्याची गाडी वर येणार नाही, आणि अडकली तर ओढायला सध्या माझी गाडी फोरमध्ये चालत नाही. तुम्हीच सांगितलंय, टाकू नका म्हणून.

आपला ग्राहक (सध्या तरी)