रस्ता पायी चालणाऱ्यांचा, भार कोणाच्या खांद्यावर? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पर्यटकांनी गजबजणाऱ्या गावातला मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांना मोकळा ठेवावा, असा प्रस्ताव एखाद्या नगरपरिषदेकडून येतो तेव्हा सोबत हरकती व सूचनांचे एक बाड असते. किती आल्या, किती बाजूने, किती विरोधात, एवढा हिशेब वरच्या कागदावर असतो आणि बहुतेक वेळा वाचला जातो तो तेवढाच कागद. हे पत्र त्या बाडाविषयी आहे. गडबड तिथे होते आणि नंतर खापर मात्र पादचारी रस्त्याच्या डोक्यावर फुटते.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी वाहनबंदीच्या बाजूचा आहे. दोन माणसांना घेऊन निघालेल्या एका गाडीने अरुंद बाजारपेठेतल्या सगळ्या चालणाऱ्यांना गटाराच्या झाकणांवर ढकलावे, हे मला कधीच पटलेले नाही. पण ‘रस्ता वाहनमुक्त करावा का? होय / नाही’ असा अर्ज छापला की गावात दोन तट पडतात आणि विचारायचे ते राहूनच जाते. विचारायला हवे ते असे, की हा रस्ता आज जो भार वाहतो आहे तो उद्या कोण वाहणार? गाड्या हटवल्या म्हणून भार हटत नाही. तो शेजारच्या गल्लीत जातो, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यावर चढतो.

अशा रस्त्यावर पर्यटक उठायच्या आत जाऊन उभे राहावे. सकाळी सहा ते नऊ या वेळात तिथे जे चालते ते सादरीकरणातल्या रंगीत चित्रांत कधीच नसते. दुधाचे क्रेट उतरत असतात. सिलिंडरची गाडी हॉटेलच्या पुढच्याच दारात लागलेली असते, कारण मागे दारच नाही, मागे दुसऱ्याची भिंत आहे. लॉजमधून चादरी-टॉवेलांची गाठोडी धुलाईला निघतात. पाण्याचा टँकर पाइप टाकून रस्ता अडवून उभा असतो आणि त्याच्यामागे कचऱ्याची गाडी खोळंबलेली असते. शेवटी कचरा उचलणाराच खाली उतरतो आणि पुढच्या दुकानांचे डबे हाताने ओढत आणतो. टँकर हलेपर्यंत त्याच्या तीन-चार खेपा झालेल्या असतात. यातले एकही काम बंद करता येणार नाही. रस्ता देखणा झाला, पर्यटक वाढले, तर ही कामे वाढतीलच.

भाराचा विचार न करता केलेली वाहनबंदी कुठे नेते हे पाहायला लांब जावे लागत नाही. माथेरानमध्ये गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढे पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षात बसून जायचे, ही रीत कित्येक दशकांची. पाहुण्यांना तिचे अप्रूप वाटते. पण हातरिक्षा म्हणजे लाल मातीच्या चढावर माणसाने माणसाला ओढणे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्या. माथेरानची वाहनबंदी चूक होती असे मी मुळीच म्हणणार नाही, तिच्यामुळेच तिथली झाडी टिकली. मात्र इंजिनाने ओढायचे ओझे हाडामांसाच्या माणसावर आले, आणि त्याची दखल घ्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. गावपातळीवरच्या एखाद्या सुनावणीत हे कोणी धसास लावायला हवे होते.

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटचे उदाहरण अशा चर्चेत हमखास येते, पण अर्धेच. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात प्रवेश नाही, एवढे सगळे सांगतात. पाहुण्यांच्या गाड्या पाच किलोमीटर अलीकडे टॅश गावात लागतात, तिथून शटल रेल्वे सुटते आणि गावात हॉटेलांचे सामान व दुकानांचा माल वाहायला चौकोनी, बुटक्या विजेच्या गाड्या फिरतात, हा पुढचा भाग सांगायचा राहतो. खरे तर सगळी व्यवस्था त्या पुढच्या भागातच आहे. प्रवेशद्वारावर कमान आणि लोखंडी खांब उभे करणे हे त्यातले सर्वांत स्वस्त काम, म्हणून आपल्याकडे ते आधी होते.

आता कॅनडातल्या बॅन्फकडे वळतो, कारण लोकमताचा धडा तिथे आहे. राष्ट्रीय उद्यानात वसलेले हे छोटे गाव पर्यटनावरच जगते. २०२० च्या साथीत तिथला मुख्य रस्ता उन्हाळ्यापुरता पायी चालणाऱ्यांना दिला गेला, पाहुण्यांना तो आवडला आणि पुढची काही वर्षे तेच चालू राहिले. मग गावातल्या रहिवाशांनी सह्या गोळा केल्या, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मतदान झाले आणि थोड्या फरकाने योजना पडली. मुख्य रस्त्यावरून वळवलेल्या गाड्या आमच्या राहत्या गल्ल्यांतून जातात, ही तिथली एक मोठी तक्रार होती. रस्ता आवडणाऱ्यांत पाहुणे पुष्कळ होते आणि पाहुण्यांना मत नसते. मागच्या गल्लीत राहणाऱ्याला असते. त्याला पहिल्या वर्षीच बोलावून, तुमच्या दारावरून किती गाड्या जातील आणि त्या कमी कशा करू, हे सांगितले असते तर निकाल काय लागला असता कोण जाणे.

म्हणून माझी विनंती आहे की वाहनबंदीची नोटीस ज्या रस्त्यावर लागते, त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक गल्लीत ती घरोघर पोहोचावी, आणि सोबत वळवलेल्या वाहतुकीचा नकाशा असावा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार बोटांची जाहिरात आणि कार्यालयातल्या फलकावर एक प्रत, याला जाहीर प्रसिद्धी म्हणणे ही निव्वळ औपचारिकता आहे.

व्यापाऱ्यांच्या भीतीला मी हसत नाही. कोपनहेगनमध्ये १९६२ च्या नोव्हेंबरात स्ट्रॉयट हा रस्ता प्रायोगिक तत्त्वावर गाड्यांना बंद झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी हाकाटी केली होती. थंड हवेच्या देशात बाजारात भटकायला कोण येणार, असे बोलले गेले. १९६४ मध्ये तो रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा झाला आणि आज त्याचे गोडवे गायले जातात. पण अमेरिकेत उलटेही घडले आहे. कॅलमझू शहराने १९५९ मध्ये असा रस्ता केला आणि १९९८ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा गाड्यांना दिला. शिकागोतल्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ मध्ये खासगी गाड्या बंद करून बस तेवढ्या ठेवल्या, १९९६ मध्ये तोही प्रयोग गुंडाळला. तिथे गिऱ्हाईक उपनगरांत आणि मॉलमध्ये निघून गेले होते, आणि पायाखालची फरशी बदलल्याने ते परत येणार नव्हते. पर्यटनाच्या गावात अडचण नेमकी उलटी असते. माणसे मावत नाहीत इतकी असतात, त्यामुळे व्यापार बुडण्याची भीती तिथे कमी लागू पडते. तरीही ती मोजून दूर करावी, भाषणाने नव्हे.

मोजण्याचा मुद्दा आलाच आहे तर ब्रिस्टलची गोष्ट सांगतो. सस्ट्रान्स या संस्थेने २००६ मध्ये तिथल्या बाजाररस्त्यांवरच्या दुकानदारांना विचारले की तुमची किती गिऱ्हाइके गाडीने येतात. त्यांचा अंदाज ४१ टक्के निघाला. गिऱ्हाइकांना विचारले तर आकडा २२ टक्के. यात खोटेपणा कोणाचाच नाही. दुकानदाराला गल्ल्यावरून दिसते ती दारातली गाडी. (ती पुष्कळदा त्याची स्वतःचीच असते, हे जाता जाता.)

तेव्हा लोकांना मत विचारण्याआधी त्यांच्या हातात काहीतरी द्या. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात टाइम्स स्क्वेअरजवळच्या ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला, तेव्हा सुरुवातीला तिथे घडीच्या साध्या खुर्च्या मांडल्या होत्या. टॅक्सींमधल्या जीपीएसवरून आसपासच्या रस्त्यांवरचा वेग मोजला, अपघात मोजले. पादचाऱ्यांना होणाऱ्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्याचे पालिकेच्या अहवालात आले आणि २०१० मध्ये निर्णय कायम झाला. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी कोट्यवधींचे फरसबंदीचे टेंडर निघते, मग लोकांना विचारले जाते. काम दिल्यावर ‘नको’ हे उत्तर ऐकून घेण्याच्या स्थितीत कोणताच अधिकारी नसतो.

प्रयोगाला कायद्याची आडकाठी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली एक महिन्यापेक्षा जास्त नसलेल्या निर्बंधाला राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. असा प्रयोग दोनदा व्हावा, एकदा ऐन हंगामात आणि एकदा ओस पडलेल्या दिवसांत. एकट्या गर्दीच्या आठवड्यावरून काढलेला निष्कर्ष उरलेल्या वर्षावर लादला की बिनसते. चोवीस तास बंदी हा एकच पर्यायही नव्हे. पुदुच्चेरीचा समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळपासून सकाळपर्यंत गाड्यांना बंद असतो. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना मनाई आहे, माल त्याआधी किंवा त्यानंतर चढवायचा-उतरवायचा. अर्जात ‘होय / नाही’ ऐवजी हे तास छापा. कोणत्या वेळी बंद हवा, माल कधी उतरवता, लॉजच्या पाहुण्याचे सामान कुठून कुठे न्यावे लागेल, घरात चालता न येणारे कोणी आहे का? ‘हवे’ म्हणणारे आणि ‘नको’ म्हणणारे या उत्तरांत बरेचदा शेजारी-शेजारी सापडतात.

पासांविषयी थोडे कडक लिहितो. शिमल्यात मॉल रोडसारख्या निर्बंधित रस्त्यांवर गाडी न्यायला परवाना लागतो, त्यासाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन, अपंग व्यक्ती यांना वाट हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पास देण्याचा अधिकार एका टेबलावर आला की त्या टेबलापुढे रांग लागते. आज स्थानिक पुढाऱ्याच्या नातेवाइकाला, उद्या हॉटेलमालकाला, परवा ‘साहेबांच्या पाहुण्यांना’. दोन वर्षांत रस्ता सामान्यांनाच बंद राहतो. परवानाधारकांची यादी, कारणासकट, रस्त्याच्या तोंडाशीच फलकावर लावावी. आणि मंत्रिमहोदय, स्पष्टच विचारतो, उद्घाटनाला आपण त्या रस्त्यावर चालत याल ना?

गाड्या गेल्या की मोकळी जागा मोकळी राहत नाही. कुंड्या येतात, बाक येतात, मग उपाहारगृहांच्या खुर्च्या-टेबले रस्त्यात सरकतात आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली पहिला बडगा बसतो तो पथारीवाल्यांवर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत आणि सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवायला मनाई केली आहे. वाहनबंदीचा प्रस्ताव या समितीपुढे गेला होता का, हे पाहिल्याशिवाय आपल्या खात्याने फाइल पुढे सरकवू नये. दहा हजारांचे भाडे भरणाऱ्याची टेबले चालतात आणि जमिनीवर टोपली मांडणारी बाई अतिक्रमण ठरते, असा पादचारी रस्ता मला तरी नको.

राहता राहिली सुनावणी. ती ठेवली जाते कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता, सभागृहात. पहिल्या दोन रांगांत व्यापारी संघटना आणि हॉटेलवाले, मागे पक्षांचे कार्यकर्ते, कडेला निवृत्त मंडळी. त्याच वेळी हमाल माल उतरवत असतो, लॉजमधल्या बायका खोल्या आवरत असतात, रिक्षावाला स्टँडवर असतो. रस्त्याचे ओझे ज्यांच्यावर पडणार ते सगळे सभागृहाबाहेर. त्यांच्यासाठी सुनावणीची एक फेरी बाजार बंद झाल्यावर, रात्री, त्याच रस्त्यावर घ्या. मुख्याधिकाऱ्यांनी खुर्ची टाकून बसावे आणि लेखी अर्जाची अट तिथे नसावी, जो जे बोलेल ते लिपिकाने उतरवून घ्यावे.

आणि निर्णय काहीही होवो, आलेल्या प्रत्येक हरकतीपुढे ‘मान्य’ की ‘अमान्य’ आणि का, हे एका ओळीत लिहून तो तक्ता अंतिम आदेशाच्या किमान पंधरा दिवस आधी जाहीर करावा, असे परिपत्रक आपल्या सहीने निघू शकते. त्याला ना निधी लागतो, ना नवा कायदा.

कळावे,

आपला,
पायी चालणारा एक नागरिक