कोबीच्या गावाहून

बॉस्टन, लिंकनशायर, इंग्लंड
रविवार, रात्र

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. टीव्हीवर इकडचे स्थलांतरितांविरुद्धचे मोर्चे बघून तुझा जीव खालीवर झाला, ते समजलं. मी सुखरूप आहे, घरचे सगळे बरे आहेत.

तुझी ती जुनी विद्यार्थिनी, एएनएम म्हणजे सहायक परिचारिका झालेली, तिच्याकडे एजंट बारा लाख मागतोय ना? तिला आजच सांग, एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला परदेशातून नवीन माणसं घेण्याचा रस्ता इंग्लंडने २२ जुलै २०२५ला बंद केलाय. जो एजंट अजून त्या व्हिसाची स्वप्नं विकतोय तो सरळसरळ फसवतोय. नर्स म्हणून यायची वाट आहे, पण तिला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग हवं आणि इथली परीक्षा पास व्हावी लागते.

आता तू विचारलंस ते, की हे लोक बोलावतात कशाला आणि हाकलतात कशाला.

मी राहते ते गाव म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट, सुपीक जमीन. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली. १ मे २००४ला पूर्व युरोपातले देश युरोपियन युनियनमध्ये आले, तेव्हा ब्रिटनने त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. वर्षाला पाच ते तेरा हजार माणसं येतील असा सरकारचा अंदाज होता. आली त्याच्या कितीतरी पट. इथल्या वेस्ट स्ट्रीटवर पोलिश, लिथुआनियन दुकानांची रांग लागली. शेतमालकांचं भलं झालं, सुपरमार्केटात भाजी स्वस्त राहिली. पण दवाखान्यातले डॉक्टर वाढले नाहीत, शाळेच्या खोल्या वाढल्या नाहीत, घरभाडी मात्र वाढली. २०१६च्या सार्वमतात या गावाने युरोपातून बाहेर पडायला ७५.६ टक्के मतं दिली. साऱ्या देशात सर्वांत जास्त.

आमच्या वृद्धाश्रमात एक आजोबा आहेत, नव्वदी ओलांडलेले. त्यांची आई शेतावर टोळीने बटाटे वेचायला जायची, तेही लहानपणापासून शेतातच राबले. त्यांनीही बाहेर पडायलाच मत दिलं होतं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, माझ्या नातवाला या गावात ना धड पगार मिळाला, ना घर. मंजू, त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. मला ते शिवीसारखं लागलं नाही, तक्रारीसारखं लागलं. फक्त तक्रार ज्याच्याकडे करायची त्याच्या दाराशी ती गेलीच नाही. मजुरी पाडून ठेवणारा कोण आणि फ्लॉवर तोडणारी लिथुआनियन बाई कोण!

हेच आजोबा आज केरळातल्या कोट्टयमच्या एका मुलीशिवाय कुणाला दाढीला हात लावू देत नाहीत.

ही मुलगी इथे कशी आली, ते ऐक. आश्रमातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे पैसे काउंटी कौन्सिल, म्हणजे इथली जिल्हा परिषद, भरते. कौन्सिलला वरून पैसा तुटपुंजा, म्हणून ती आश्रमाला कमी देते, आश्रम कामगाराला कमी देतो. तेवढ्याच पगारात सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसता येत असेल तर अंथरुणं बदलायला कोण येणार? २०२१-२२ मध्ये एकट्या इंग्लंडात या क्षेत्रात १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. पगार वाढवायचा तर कर वाढवावा लागतो, आणि ते मतदाराला सांगायची कुणाची छाती नाही. म्हणून फेब्रुवारी २०२२मध्ये व्हिसा सोपा केला. परदेशी माणसं कमी करू म्हणून ज्यांनी मतं मागितली, त्यांच्याच राज्यात निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांवर गेलं. मग बोंब झाली. ११ मार्च २०२४पासून नियम आला की देखभालीच्या कामाला येणाऱ्यांनी नवरा-बायको, मुलं आणायची नाहीत.

ही मुलगी आली त्यानंतर दोन महिन्यांनी. आपल्याकडच्या एका एजंटाला नऊ लाख देऊन. तिची लेक तेव्हा चार वर्षांची होती.

दुपारी अडीचला आमची जेवणाची सुट्टी होते. ती साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवते, डब्यातला भात खाता खाता पलीकडून लेक पाढे म्हणते. मला मल्याळम कळत नाही, पण पाढ्याचा ताल कळतो. पोरगी अडखळली की ही घास तोंडात तसाच ठेवून बोटं दाखवते. तेवढ्यात कुणाची तरी घंटा वाजते. परवा ती फोन तसाच उभा ठेवून गेली. मी समोर बसलेले. पोरगी रिकाम्या खुर्चीला पुढचा पाढा म्हणत राहिली.

मला तुझी शाळा आठवली गं. दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होतो, आईबाप उचल घेऊन कारखान्यावर जातात, पोरं एक तर आजीपाशी नाहीतर फडावर. तू म्हणायचीस, नवरा-बायको दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात, माणूस म्हणून मोजतच नाहीत. इथेही मुकादम असतात. १८६७मध्येच त्यांच्या शेतमजूर टोळ्यांसाठी कायदा करावा लागला होता. २००४च्या फेब्रुवारीत मोरकॅम्बच्या खाडीत रात्री शिंपले वेचणारे किमान एकवीस चिनी मजूर भरतीत बुडून मेले, तेव्हा कुठे मुकादमाला परवाना सक्तीचा झाला. आणि युरोपातून बाहेर पडायचं ठरल्यावर शेतीला हात कमी पडू लागले, म्हणून हंगामी व्हिसा निघाला. २०१९ला अडीच हजारांचा, पुढे पंचेचाळीस हजारांपर्यंत. सहा महिने राबायचं, लेकरं आणायची नाहीत, परत जायचं. पोलंडऐवजी आता किर्गिझस्तान, ताजिकिस्तान. कोबी तोच.

तुझ्यापाशी एक कबूल करते. मी इथली नागरिक होऊन बरीच वर्षं झाली. शपथ घेतली, मग भारतीय पासपोर्ट जमा केला. 'रद्द' असा शिक्का मारून परत आला, कपाटात ठेवलाय, वर्षातून एकदा उगाच काढून बघते. मे २०२५मध्ये इथल्या पंतप्रधानांनी भाषणात म्हटलं की आपण अनोळखी माणसांचं बेट होऊन बसू, आणि कायमचं राहण्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं लावायचा प्रस्ताव मांडला. पुढे त्या शब्दांबद्दल त्यांनी पश्चात्तापही व्यक्त केला. पण त्या आठवड्यात आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत आपलीच माणसं म्हणाली, बरंच झालं, हल्ली कोणीही उठून येतंय. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून टोचतंय. मीसुद्धा कुणाच्या तरी दृष्टीने 'कोणीही' म्हणूनच आले होते ना?

या गावात जुनं गिल्डहॉल, म्हणजे सभागृह, आहे, तिथे कोठड्या दाखवतात. १६०७मध्ये धर्मासाठी देश सोडून हॉलंडला निघालेल्या काही जणांना इथे पकडून आणलं होतं. त्यांच्यातलेच काही पुढे १६२०मध्ये अमेरिकेला गेले. आता गावच्या इस्पितळाला त्यांचंच नाव आहे, 'पिलग्रिम' म्हणजे यात्रेकरू, आणि त्याच इस्पितळात आपल्या मुली रात्रपाळ्या करतात.

मला विचारशील तर किती माणसं घ्यायची हे ठरवायचा हक्क या देशाला आहे, त्यात वाद नाही. पण ज्याला बोलावलं त्याचं लेकरू बाहेर ठेवायचा हक्क नाही. आणि आजोबांच्या नातवाला पगार वाढवून हवा होता, कोट्टयमची मुलगी घालवून नव्हे. पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे, मंडळातून नाव गेलं तरी चालेल.

तुझ्या विद्यार्थिनीला माझा नंबर दे. आगाऊ म्हणून काही भरलं असेल तर पावती, मेसेज, सगळं जपून ठेवायला सांग. आणि यंदा दिवाळीनंतर वर्गात किती पोरं उरली, ते कळव.

तुझीच,
शुभा